नाटकाला निघाली नलिनी

शनिवार, सकाळचे साडेनऊ. दादरच्या एशियाड स्टँडवर पुण्याची शिवनेरी येऊन थांबली आणि तो उतरला. निळ्या चेक्सचा शर्ट, पाठीला लॅपटॉपची सॅक, हातात छोटी ट्रॉली. एक्सेलमधलं काही अडलं की सगळं ऑफिस ज्याच्या डेस्ककडे धावतं, असा एक जण तुमच्याही ऑफिसात असेल. हा अगदी तसाच. वय ३४, एका कंपनीत अकाउंट्सला, लग्नाला पाच वर्षं झालेली.

‘सॅक जड आहे का?’ मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

‘लॅपटॉप नाहीये त्यात,’ तो म्हणाला. ‘सँडल्स आहेत. माझ्या मापाच्या लेडीज सँडल्स शोधायला मला चार महिने लागलेत. त्या काय ट्रॉलीत कोंबू?’

दुपारी चारच्या नाटकाला आम्हाला जायचं होतं. त्याने तीन तिकिटं काढली होती. एक त्याचं, एक माझं. तिसरं कोणाचं, हे विचारल्यावर तो नुसतं ‘बघू’ म्हणाला.

तर हा तो नाटकाला जाणार होता साडी नेसून. आपण तिला नलिनी म्हणू. तिने स्वतःसाठी ठेवलेलं नाव वेगळंच आहे. ते तिने मला सांगितलं आणि लगेच ‘छापायचं नाही हं’ अशी तंबीही दिली. साडी नेसली की ती, शर्ट घातला की तो, हा नियमही तिचाच, म्हणून या लेखातही तसंच लिहितेय.

तुमच्या मनात आता जो प्रश्न आलाय, तो मी पहिल्याच भेटीत विचारून मोकळी झाले होते. गे? ट्रान्सजेंडर? त्याने शांतपणे ऐकून घेतलं. ‘मी पुरुष आहे. बायकोवर प्रेम आहे. ऑपरेशन, हॉर्मोन्स वगैरे काही नकोय. दोन-तीन महिन्यांतून एखादा दिवस बाईच्या कपड्यांत, बाईसारखं वावरावंसं वाटतं. लहानपणापासून. का, ते सांगता येत नाही. तुला ट्रेकिंग का आवडतं ते तू सांग, मग मी हे सांगतो.’ मी आयुष्यात एकच ट्रेक केलाय, राजमाचीचा, आणि परत कधी जाणार नाही. पण मुद्दा कळला.

इंग्रजीत अशा माणसाला क्रॉसड्रेसर म्हणतात. मराठीत धड शब्दच नाही. ‘बायल्या’ आहे, पण ती शिवी. ‘स्त्रीपार्टी’ आहे, पण तो स्टेजपुरता.

परळला त्याची कॉलेजमधली मैत्रीण राहते. नवरा टूरवर, मुलगी आजीकडे. सगळं माहीत असलेली माणसं त्याच्या आयुष्यात आत्तापर्यंत दोनच होती, त्यातली ही एक. तिच्या बेडरूममध्ये तयारीला पावणेतीन तास लागले. मी स्वतः लग्नाला जाताना वीस मिनिटांत तयार होते, त्यामुळे हे प्रकरण बघताना माझा जबडाच पडला. आधी दोनदा दाढी, एकदा सुलट, एकदा उलट. कितीही गुळगुळीत केली तरी गोऱ्या गालावर दाढीची निळसर छटा उरतेच. तिच्यावर नुसतं फाउंडेशन थापलं तर ती राखाडी दिसते. म्हणून आधी नारिंगी रंगाचं करेक्टर, त्यावर फाउंडेशन, त्यावर पावडर, मग दहा मिनिटं पंख्याखाली गप्प बसायचं. घाम हा शत्रू नंबर एक. मुंबईत ऑक्टोबर ते मार्च सोडून ती कधीच येत नाही.

ब्लाऊज ‘उंच बहिणीसाठी’ म्हणून शिवून घेतलेला, गळा बंद, म्हणजे कंठमणी झाकला जातो. बांगड्या २.१० मापाच्या. साडी मात्र तिने जी काढली ती बघून मी आणि मैत्रीण एकमेकींकडे बघतच राहिलो. साधी इरकल, सुती, गडद रंगाची. मला वाटलं होतं की एवढ्या लांबून, एवढ्या दिवसांनी येणारी बाई काहीतरी झगमगीत नेसेल.

‘झगमगीत नेसले तर लोक बघतील ना,’ ती म्हणाली.

‘नेसले’. मी तेवढ्यात टिपलं. सकाळपासून तो ‘आलो’, ‘गेलो’, ‘बसतो’ म्हणत होता.

हा मराठीचा फंडा मी याआधी कधी लक्षातच घेतला नव्हता. इंग्रजीत ‘आय ऍम गोइंग’ म्हटलं की संपलं. आपल्याकडे साधं ‘मी जाते’ म्हणायचं तर आधी तुम्ही कोण ते सांगावं लागतं. नलिनीची घरी पक्की प्रॅक्टिस झालीय, पण बाहेर गडबड झाली की जुनी सवय उसळी मारते. म्हणून तिने वाक्यांची एक वेगळीच यादी तयार ठेवलीय. ‘चहा चालेल.’ ‘थोडं पुढे जायचंय.’ ‘किती झाले?’ बघा, एकातही कळत नाही बोलणारा कोण ते. आवाज ती मुद्दाम चिरका काढत नाही, तो लगेच खोटा वाटतो. फक्त हळू आणि कमी बोलते. आणि माझ्या तोंडून दिवसभरात किमान सहा वेळा ‘अरे’ निघालं. दर वेळी तिने शांतपणे ‘अगं’ अशी दुरुस्ती केली.

मैत्रिणीने पाण्याचा ग्लास पुढे केला, तर नलिनीने मानेनेच नको म्हटलं. सकाळी सातनंतर ती पाणी प्यायलीच नव्हती. कारण उघड आहे, तरी सांगते. एकदा बाहेर पडलं की टॉयलेटला कुठे जायचं? जेंट्समध्ये साडी नेसून जाणं म्हणजे मारच खायचा. लेडीजमध्ये? ‘तिथे मी जात नाही,’ ती म्हणाली. ‘लोकलच्या लेडीज डब्यातही नाही चढत. तिथल्या बायका त्यांच्या भरवशावर निर्धास्त असतात. त्यांना न विचारता मी आत घुसायचं, हे मला पटत नाही.’ याबाबत वेगळं मत असणारेही आहेत. पण तिचा हा नियम आहे आणि त्याची किंमत ती पाणी न पिता मोजते. मॉलही बाद, कारण दारात बायकांची तपासणी पडद्याआड होते.

म्हणून मग टॅक्सी. काळी-पिवळी, चालक पन्नाशीचे, उत्तर प्रदेशातले. परळहून निघालो आणि दोनच मिनिटांत फोन वाजला. शनिवार असला म्हणून काय झालं, बॉस तो बॉस. तिने फोन घेतला आणि एकदम खणखणीत आवाजात, ‘हो सर. नाही सर, ती एंट्री मी शुक्रवारीच टाकलीय. सोमवारी पाठवतो.’

टॅक्सीत शांतता. आरशातून दोन डोळे मागे बघताहेत. नलिनीने पदर इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडलेली. मी मनात ‘गेलो आता’ म्हणतेय. तेवढ्यात ड्रायव्हर काका म्हणाले, ‘नाटक में काम करते हो?’

‘हां,’ ती म्हणाली.

‘तभी!’ काका खूष. गावाकडे रामलीलेत त्यांचा भाऊ सीता व्हायचा म्हणे. मग दादर येईपर्यंत भावाचं पुराण. साडी कोण द्यायचं, एकदा स्टेजवर दिवा कसा विझला, वगैरे. टॅक्सी दादासाहेब फाळके रोडवरून चालली होती आणि मला हसूच आवरेना. याच दादरमध्ये फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ उभा केला. तो १९१३ मध्ये पडद्यावर आला, तेव्हा तारामती करायला बाई मिळाली नाही म्हणून हॉटेलात स्वयंपाकघरात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता, दोन्ही तेच!

आणि बालगंधर्व? नारायण श्रीपाद राजहंस, १८८८ चा जन्म. १९११ मध्ये ‘मानापमान’ची भामिनी, १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ची रुक्मिणी, १९१९ मध्ये ‘एकच प्याला’ची सिंधू. त्यांच्या साड्या आणि केशरचना बघून घरंदाज बायका तशी फॅशन करायच्या. पुरुषाने साडी कशी नेसली ते बघून बायका साडी नेसायच्या, जरा विचार करून बघा! १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, आणि पुण्यातलं सर्वांत लाडकं रंगमंदिर त्यांच्याच नावाने उभं आहे. विष्णुपंत पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करायचे, तेच १९३६ मध्ये पडद्यावर तुकाराम झाले आणि लोक त्यांच्या पाया पडायला लागले.

नलिनीला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. आठवीत असताना शाळेच्या गॅदरिंगला तिने ‘मोरूची मावशी’तला प्रवेश केला होता. अर्थात मावशी. अत्र्यांचं नाटक, विजय चव्हाणांनी गाजवलेलं. हॉल डोक्यावर घेतला, पहिलं बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला. आई सगळ्या सोसायटीत तो डबा दाखवत फिरली. ‘घरी आल्यावर आई म्हणाली, आता साडी सोड. मी म्हटलं, थोड्या वेळाने. ती हसली. तासाभराने पुन्हा म्हणाली, साडी सोड. तेव्हा हसली नाही.’

‘अशी ही बनवाबनवी’ तिला अजूनही तोंडपाठ आहे. १९८८ चा सिनेमा, सचिन आणि लक्ष्या साडीत. आपण सगळेच त्यावर वाढलोय. पण ती म्हणते की अशा गोष्टींत सगळी गंमत एकाच जागी असते, हे आता पकडले जाणार की नाही. तिचाही दिवस असाच जातो, फक्त कोणी हसत नाही.

कायद्याचं म्हणाल तर साडी नेसून रस्त्यावर फिरणाऱ्या पुरुषाने कुठलाही गुन्हा केलेला नसतो. इंग्रजांनी मात्र १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्स ऍक्टमध्ये तशी सोय केली होती. उत्तरेतल्या काही प्रांतांत, सरकारी यादीत नाव असलेले हिजडे बाईच्या वेषात रस्त्यावर दिसले तर त्यांना दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकायची. ३७७ कलम, जे सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ ला सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरतं मोडीत काढलं, त्याचा कपड्यांशी संबंधच नव्हता. उलट १५ एप्रिल २०१४ च्या ‘नाल्सा’ निकालात कोर्टाने स्पष्ट म्हटलं की कपड्यांतून, बोलण्या-वागण्यातून स्वतःची लिंगओळख व्यक्त करणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. नलिनीच्या फोनमध्ये त्या निकालाचा स्क्रीनशॉट आहे. ‘पोलिसांना दाखवायला?’ मी विचारलं. ‘छे, मला बघायला,’ ती म्हणाली.

दादर पश्चिमेला फूल मार्केटमध्ये गजरा घेतला. गजरेवालीने ‘ताई, अबोली देऊ का मोगरा?’ एवढंच विचारलं, तिला गिऱ्हाईकाशी मतलब. नलिनीने बोटानेच मोगरा दाखवला. ‘ताई’ ऐकून ती जी खुलली, ते बघायला हवं होतंत.

रानडे रोडवर मात्र ते झालंच. एका खरेदीच्या दुकानाबाहेर उभ्या असलेल्या पोरांपैकी एकाने दुसऱ्याला कोपर मारलं. हसले. तोवर ठीक. मग एकाने मोबाइल वर केला.

मी ओरडणार होते, तर नलिनीने माझं मनगट धरलं. ‘चालत राहा. थांबलो की गर्दी जमते.’ आम्ही चालत राहिलो. तिचा हात थरथरत होता, पण चाल बदलली नाही. पुढच्या कोपऱ्यावर वळल्यावर ती म्हणाली, ‘पूर्वी लोक बघून विसरून जायचे. आता कोणी विसरत नाही, फॉरवर्ड करतात.’ चेहरा आला असेल का, पुण्यात ऑफिसमधल्या कोणाच्या ग्रुपवर येईल का, हे पुढचा अर्धा तास तिच्या डोक्यात चालू होतं. माझ्याही. आपण हसतो ना असे व्हिडिओ बघून? मी तरी हसलेय. माझ्या फोनमध्ये एक होता, त्या रात्री डिलीट केला.

नाट्यगृहाचं नाव देत नाही, कारण तिला तिथे पुन्हा जायचंय. मराठी नाटकाचा शनिवार दुपारचा प्रेक्षक म्हणजे मुंबईतली सगळ्यात सुरक्षित गर्दी, हा तिचा अभ्यास. काकू, आजी, निवृत्त काका, हातात शाल, कारण एसी लागतो. ‘इथे साडीतली उंच बाई म्हणजे फार तर रिटायर्ड पीटी टीचर वाटेल,’ ती म्हणाली आणि दिवसात पहिल्यांदा मोकळी हसली.

पहिली घंटा झाली. ती फोन बघत होती. आणि मग तिने सांगितलं. तिसरं तिकीट बायकोचं होतं.

बायकोला त्याने दोन वर्षांपूर्वी सांगितलं. तोवर तीन वर्षं लपवलेलं, आणि त्या तीन वर्षांबद्दल ती जास्त चिडली, साडीबद्दल कमी. माहेरी गेली, महिन्याने परत आली. घरात आता अबोला नाही, भांडण नाही. फक्त अट आहे: मला दिसायला नको. वरच्या लॉफ्टमधली ट्रॉली ती पुसते, उघडत नाही. या वेळी त्याने धीर करून तिकीट फ्रिजवर लावलं. तीही आठवडाभर ठाण्याला बहिणीकडे आलेली. ती ‘बघते’ म्हणाली होती. बस, एवढंच.

दुसरी घंटा. आम्ही आत जाऊन बसलो. नलिनीच्या उजवीकडे मी, डावीकडे रिकामी खुर्ची, त्यापलीकडे गिरगावातल्या एक आजी. आजींनी रिकाम्या खुर्चीवरून वाकून विचारलं, ‘कुठून आलात?’

‘पुण्याहून,’ नलिनी.

आजींनी तिच्याकडे नीट पाहिलं. माझ्या पोटात गोळा. मग त्यांनी पर्समधून एक पुडी काढली. ‘घसा बसलाय तुमचा. आलेपाक घ्या.’ आजींना कळलं होतं की नव्हतं, यावर आमचा तिघींचा अजून वाद आहे.

अंधार होत आला तेव्हा एक कुर्ता-जीन्समधली मुलगी रांगेतून ‘सॉरी, सॉरी’ करत आली आणि रिकाम्या खुर्चीवर बसली. सरळ समोर बघत. पडदा उघडला. पुढचा तास-सव्वा तास तिने मान वळवली नाही. नाटक विनोदी होतं, हॉल हसत होता. ती दोन-तीनदा हसली. नलिनी एकदाही नाही. तिला स्टेजवर काय चाललंय ते दिसतच नसावं.

मध्यंतर. दिवे लागले. आता पर्यायच नव्हता. बायकोने वळून पाहिलं. केसांपासून सँडल्सपर्यंत, सावकाश. मी एवढी वर्षं लोकांच्या मुलाखती घेतेय, पण इतकं जड शांत मिनिट मी अनुभवलेलं नाही. सगळे वड्याच्या रांगेकडे पळत होते.

‘सकाळपासून पाणी प्यायलेलं नाही ना?’ ती म्हणाली.

नलिनीने मान हलवली.

‘चल.’

समोरच्या गल्लीत एक कॉफी शॉप आहे, तिथे एकच टॉयलेट, सगळ्यांना कॉमन. कुठे काय सोय आहे हे ती सकाळी फिरून बघून गेली होती. म्हणजे दादरला ती आमच्याही आधी आली होती! दोघी रस्ता ओलांडून गेल्या, मी मागे वड्यासोबत. परत आल्या तेव्हा दुसरा अंक सुरू झाला होता. अंधारात रांगेतून जाताना नलिनीचा पदर खुर्चीत अडकला. बायकोने तो सोडवला, खांद्यावर घेतला, आणि स्वतःच्या ओढणीची पिन काढून तिथे लावली. हे सगळं अंधारात, माझ्या नाकासमोर, म्हणून मला दिसलं.

एक गोष्ट सांगायलाच हवी. पूर्ण वेळात बायकोने ‘आलास’ म्हटलं नाही, ‘आलीस’ही म्हटलं नाही. चल, बस, पदर घे, हळू. मराठीत हेच तेवढे शब्द मोकळे आहेत, आणि तिने दुसरे वापरलेच नाहीत. तीही यादी घरून करून आली होती का, हे मी विचारलं नाही.

नाटक सुटल्यावर आपण तिघी कुठेतरी बसून जेवू अशी माझी बावळट कल्पना होती. बायको म्हणाली, तिला ठाण्याला जायचंय, बहीण वाट बघतेय. स्टेशनच्या दिशेने चार पावलं गेली, परत आली. ‘तो आलेपाक कुणी दिला? मलाही ठसका लागत होता.’ नलिनीने पुडी दिली. ती गेली.

साडेआठला परळहून निळ्या चेक्सचा शर्ट घालून तो बाहेर पडला. कानामागे पावडर राहिली होती, मी सांगितल्यावर रुमालाने पुसली. शिवनेरीत बसण्याआधी स्टँडवर त्याने पाण्याची लिटरची बाटली घेतली आणि उभ्या उभ्या जवळजवळ संपवली.

हा लेख छापायला देण्याआधी त्याला पाठवला होता. त्याची काहीच दुरुस्ती नव्हती. दोन दिवसांनी एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला: ‘अंधार होत आला तेव्हा आले असं लिहिलंय तुम्ही. चूक आहे. तिसरी घंटा व्हायची होती. मी दारापाशी उभी होते.’